राउटरचा सोर्स मागताना जीपीएलचं कलम ३ उघडं ठेवा

फर्मवेअरचा (राउटरमध्ये बसवलेल्या सॉफ्टवेअरचा) सोर्स, म्हणजे मूळ कोड, मागितला की कंपन्या अर्धवट झिप पाठवून मोकळ्या होतात. बऱ्याच राउटरमधला लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि बिझीबॉक्स (छोट्या कमांडचा संच) जीपीएल आवृत्ती २ या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली येतात. सोर्स देण्याचा नियम त्याच्या कलम ३ मध्ये आहे, म्हणून:

१. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत, सोर्स देण्याची लेखी हमी शोधा. ती किमान ३ वर्षं लागू असते आणि कोणालाही वापरता येते. राउटर तुम्हीच विकत घेतलेला असायला हवा असं नाही.

२. मेलमध्ये मॉडेल आणि फर्मवेअरचा नेमका आवृत्ती क्रमांक लिहा. खर्च फक्त पाठवणीचा द्यायचा.

३. झिप उघडताच मेकफाइल (कोड कसा कंपाइल करायचा ते सांगणारी फाइल) आणि कर्नलची कॉन्फिग फाइल बघा. कलम ३ मध्ये कंपाइल आणि इन्स्टॉलच्या स्क्रिप्टही सोर्समध्येच धरल्यात. नसतील तर हक्काने परत मागा.

फक्त कंपनीने स्वतः लिहिलेला स्वतंत्र प्रोग्रॅम यात मागू नका.