खात्यांची मागणी आली की बेरीज करू नका

सरकारचा अर्थसंकल्प बनवताना खात्यांच्या मागण्यांची बेरीज करत बसू नका. ती तिजोरीपेक्षा मोठीच निघते. कात्री लागणार हे ठाऊक असल्याने प्रत्येक खातं आकडा फुगवूनच पाठवतं.

आधी एकूण खर्चाची मर्यादा ठरवा: महसूल किती येईल, कर्ज किती झेपेल. स्वीडनने 1990च्या दशकातल्या आर्थिक संकटानंतर हीच शिस्त लावून घेतली. तिथली संसद आधी एकूण रक्कम आणि 27 खर्चक्षेत्रांतली वाटणी मंजूर करते. नंतर एखाद्या क्षेत्रात कुणाला वाढवून द्यायचं, तर त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्याचं कापावं लागतं.

मग बांधील खर्च वजा करा: पगार, निवृत्तिवेतन, व्याज, कायद्याने द्यावेच लागणारे लाभ आणि अर्धवट कामांची येऊ घातलेली बिलं. (ही बिलं हमखास विसरली जातात.) समजा 100 पैकी 75 असे गेले, तर सगळी भांडणं उरलेल्या 25साठी.

गेल्या वर्षीच्या तरतुदीवर पाच टक्के चढवणं सोपं, पण त्यात जुनी खोगीरभरती जशीच्या तशी पुढे सरकते. उलट टोक म्हणजे शून्याधारित अर्थसंकल्प: गेल्या वर्षीचा आकडा विसरून प्रत्येक खर्च शून्यापासून मांडायचा. जिमी कार्टर यांनी तो अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर असताना राबवला, 1977 मध्ये अध्यक्ष झाल्यावर अमेरिकेच्या केंद्रीय खात्यांना लावला. 1981 मध्ये रोनाल्ड रेगन अध्यक्षपदी आले आणि तो गुंडाळला गेला. प्रत्येक खर्चाचं समर्थन दरवर्षी नव्याने लिहायचं म्हणजे कागदांचा डोंगर. मी म्हणेन, दरवर्षी दोन-तीनच खाती मुळापासून तपासा.

खरी नजर हवी ती नवीन बाबींवर. नाममात्र तरतूद मागणारा प्रस्ताव दिसला की मी आधी किती माणसं नेमायची हे दाखवणारा पदांचा तक्ता उघडतो. भटाला दिली ओसरी, असला प्रकार तिथेच सापडतो. रुग्णालयाच्या पायाभरणीला पहिल्या वर्षी थोडेच पैसे लागतात. परिचारिका, औषधं, विजेचं बिल मागाहून येतं आणि कायमचं येतं. पाचव्या वर्षाचा खर्च लिहून दिल्याशिवाय सही करू नका.

तूट दिसली की सरसकट दहा टक्के कात्रीचा मोह होतो. ती मुळात बेताचं मागणाऱ्यालाच जास्त लागते. शिवाय पगार कापता येत नाहीत, म्हणून घाव बसतो देखभालीवर, आणि दोन पावसाळ्यांनी तोच रस्ता नव्याने बांधायची मागणी येते.

थोडी रक्कम राखीव ठेवा, पण ती कशासाठी मिळेल हे आधीच लिहून काढा. पूर, साथ चालेल. ‘अंदाज चुकला’ चालणार नाही.