ठिबक किती वेळ चालवायचं? हिशेबातल्या या चुका टाळा

"ठिबक किती तास चालवू?" हा प्रश्न रोज विचारला जातो. विचारणाऱ्याला ड्रीपर (नळीतलं थेंब सोडणारं तोंड) तासाला किती लिटरचा, दोन ड्रीपरमधलं अंतर किती, आत्ता प्रेशर किती, असं उलट विचारलं की उत्तर मिळत नाही. शेजारी दोन तास चालवतो म्हणून आपणही दोन तास. पण तासाने पाणी मोजता येत नाही. त्या तासात झाडाच्या बुडाशी किती लिटर पडलं, हे मोजायचं असतं.

पाकिटावरचा आकडा खरा धरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. नळीवर तासाला ४ लिटर लिहिलेलं असतं, म्हणून हिशेबात ४ धरले जातात. साध्या ड्रीपरचा हा आकडा एक किलो प्रेशरचा (दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) असतो. प्रेशर उतरलं की प्रवाहही उतरतो. प्रेशर निम्मं झालं तर ४ लिटरचा ड्रीपर साधारण २.८ लिटर देतो, आणि प्रेशर पाव राहिलं तर २ लिटर.

एका एकराचं गणित मांडून बघू. टोमॅटो, बेड दीड मीटरवर, इनलाइन नळीत (ड्रीपर आतच बसवलेली नळी) दर ४० सेंटिमीटरला ४ लिटरचा ड्रीपर. एकर म्हणजे ढोबळ ४००० चौरस मीटर. नळी लागते सुमारे २६६७ मीटर, ड्रीपर बसतात ६६६७, आणि सगळे पूर्ण क्षमतेने चालायचे तर तासाला २६,६६७ लिटर पाणी हवं. मोटार देते १८,००० लिटर. म्हणून आखणी करताना एकराचे दोन भाग करून दोन वॉल्व्ह दिलेले असतात. एका भागाला तासाला १३,३३३ लिटर लागतं, ते मोटारीला सहज झेपतं. जास्तीचं पाणी बायपासने (बाजूच्या पाइपाने) परत विहिरीत जातं.

मग लाईटची पाळी रात्रीची येते. दोनदा उठायला नको म्हणून दोन्ही वॉल्व्ह एकदम उघडले जातात आणि इथून सगळं बिघडतं. १८,००० लिटर ६६६७ ड्रीपरमध्ये वाटलं की सरासरी २.७ लिटर येतात, तेही समान नाही. अशा प्लॉटमध्ये पहिल्या नळीच्या सुरुवातीला ३.४ आणि शेवटच्या नळीच्या टोकाला १.८ लिटर मिळणं अगदी नेहमीचं आहे.

उन्हाळ्यात बाष्पीभवन दिवसाला ९ मिलिमीटर असताना, फळं लागलेल्या टोमॅटोला एका ड्रीपरमागे किती पाणी लागतं? ९ × ०.७ (बाष्पपात्र गुणांक) × १.१ (पीक गुणांक) × ०.६ चौरस मीटर (एका ड्रीपरच्या वाट्याची जागा, १.५ × ०.४) = ४.१६ लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ४.६ लिटर. ४ लिटरच्या हिशेबाने १ तास १० मिनिटं पुरतात. पण दोन्ही वॉल्व्ह उघडे असताना तेवढ्या वेळात टोकाच्या झाडाला जेमतेम २.१ लिटर मिळतं. झाडं माना टाकतात. मग वेळ वाढवत अडीच तासांवर नेला जातो. टोकाला ४.५ लिटर पोचतं खरं, पण तोवर सुरुवातीच्या झाडांना ८.५ लिटर झालेलं असतं. तिथे वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती) येत नाही, मुळी कुजते, मर लागते. मग मर आली म्हणून बुरशीनाशकाची आळवणी (बुडाशी द्रावण ओतणं) सुरू होते, आणि मूळ कारण असलेले ते दोन उघडे वॉल्व्ह तसेच राहतात.

दोन्ही भाग वेगवेगळे चालवले असते तर १ तास १० मिनिटं दोनदा, म्हणजे २ तास २० मिनिटं. एकदम चालवून अडीच तास लागले. म्हणजे वेळही वाचला नाही. झोप मोडणं सोपं नसतं हे मान्य आहे, पण या घाईत हातचं पीक जातं, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मोजायचं कसं

चार नळ्या निवडा: पहिली, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशावरची आणि शेवटची. प्रत्येक नळीवर अशाच चार जागा, म्हणजे सोळा ड्रीपर. ड्रीपरखाली माती थोडी उकरून वाटी ठेवा आणि बरोबर ६ मिनिटं पाणी धरा. ६ मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, त्यामुळे ४०० मिलिलिटर आले तर तासाला ४ लिटर. घाई असेल तर ३६ सेकंद धरा, ४० मिलिलिटर यायला हवेत. पण एवढ्याशा पाण्यात वाटीतली चूक मोठी दिसते, म्हणून ६ मिनिटंच बरी. पाणी नळीवरून ओघळत भलत्याच ठिकाणी पडत असेल तर ड्रीपरच्या दोन्ही बाजूंना दोरा बांधा, म्हणजे ते वाटीतच उतरेल.

सोळा आकड्यांची सरासरी काढा. मग त्यातल्या सर्वांत कमी चार आकड्यांची सरासरी काढा. दुसरीला पहिलीने भागून शंभराने गुणा. ९० च्या वर आलं तर उत्तम, ७० च्या खाली आलं तर आधी संच दुरुस्त करा, वेळ वाढवू नका. ही मोजणी हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि मध्ये एकदा करायला अर्धा दिवसही लागत नाही.

मोटारीचं पाणीही मोजा. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,०००. मात्र पाइपचं तोंड मोकळं ठेवून मोजलेलं पाणी नेहमी जास्त येतं. फिल्टरच्या पुढच्या गेजवर आखणीतलं प्रेशर दिसेपर्यंत वॉल्व्ह आवळा आणि मग ड्रम भरा.

१.७ तास म्हणजे १ तास ७० मिनिटं नव्हे

दशांशाला ६० ने गुणायचं. ०.७ × ६० = ४२, म्हणून १ तास ४२ मिनिटं. ही चूक शिकलेली माणसंही करतात.

मोटार सुरू केल्यापासून वेळ धरणं

आधी सबमेन (नळ्यांना पाणी पुरवणारा पाइप) आणि नळ्या भरतात, मग ठिबक सुरू होतं. शेवटच्या नळीच्या टोकाला थेंब नीट पडू लागले की घड्याळ लावा. स्टार्टरला ऑटो (लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारा स्विच) लावून घरी बसणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

खत शेवटपर्यंत सोडत राहणं

७० मिनिटांच्या पाळीत पहिली १५ मिनिटं साधं पाणी, मग साधारण ३५ मिनिटं खत, शेवटची २० मिनिटं पुन्हा साधं पाणी. खत संपताच मोटार बंद केली तर द्रावण नळ्यांत राहतं आणि तिथेच क्षार बसतात. शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचा ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) साध्या पाण्याइतका आला की नळ्या धुतल्या गेल्या असं समजा.

व्हेंचुरी (पाण्याच्या वेगाने खताचं द्रावण ओढून घेणारं साधन) किती ओढते ते आधी साध्या पाण्यावर मोजा. बादलीतले ५ लिटर ६ मिनिटांत ओढले तर तासाला ५० लिटर, म्हणजे ३० लिटर द्रावणाला ३६ मिनिटं. "अर्ध्या तासात जातं" असं अंदाजाने धरू नका, फिल्टर तुंबला की हा आकडा बदलतो.

कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेटयुक्त खत एका टाकीत कधीच नको. साका (न विरघळणारा गाळ) तयार होतो आणि ड्रीपर बुजतात.

नळ्यांची टोकं न सोडणं

एण्ड कॅप (नळीच्या टोकाचं झाकण) काढून स्वच्छ पाणी येईपर्यंत नळ्या धुवा. एका वेळी चार-पाचच टोकं उघडा, सगळी उघडलीत तर पाण्याला जोर राहत नाही आणि गाळ आतच बसतो.

ड्रीपर बुजले म्हणून वेळ वाढवणं

पांढरा थर असेल तर आम्ल प्रक्रिया, बुळबुळीत शेवाळ असेल तर क्लोरीन. दोन्ही एकत्र कधीही नाही, विषारी वायू तयार होतो. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच. टोकाच्या ड्रीपरच्या पाण्याचा सामू (पीएच) ४ आला की संच बंद करून २४ तास तसाच ठेवा, नळ्यांची टोकं सोडून धुवा, आणि पुन्हा त्याच सोळा ड्रीपरखाली वाट्या लावा.