तांबी, हार्मोनची आययूडी की दंडातली काडी?

निवड आपल्या पाळीवरून करावी. आययूडी म्हणजे गर्भाशयात बसवायचं साधन; तांबीही आययूडीच. गर्भ रोखण्यात तिन्ही साधनं जवळपास सारखीच. वर्षभरात शंभरात एकीलाही क्वचितच दिवस जातात. खरा फरक रक्तस्रावाचा, आणि मुदतीआधी साधन काढून घेण्याचं नेहमीचं कारणही तेच.

पाळीत आधीच अंगावरून खूप जात असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर तांबी शक्यतो नको; पहिले तीन ते सहा महिने स्राव आणि कळा वाढतात. हार्मोन नको असतील तर मात्र तीच. ३८०ए प्रकारची तांबी १० वर्षं चालते. ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनच्या आययूडीने उलट पाळी कमी होते, कधी थांबतेही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दंडाच्या आतल्या बाजूला त्वचेखाली बसवायची ४ सेंटिमीटरची काडी किमान ३ वर्षं पुरते. तिने मात्र अधूनमधून डाग पडत राहतात, कधी पडतील याचा नेम नाही. क्षयाचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यातलं औषध चालू असेल तर काडीचा भरवसा धरू नये.

तांबीचा परिणाम लगेच सुरू होतो. हार्मोनची आययूडी पाळी सुरू झाल्यापासून ७ दिवसांनंतर, किंवा काडी ५ दिवसांनंतर बसवली, तर पुढचे ७ दिवस कंडोम वापरावा. लैंगिक संसर्गापासून तिन्हींतलं एकही वाचवत नाही.

आययूडी बसवल्यावर गर्भाशयाच्या मुखातून खाली आलेला तिचा दोरा तपासायला शिकून घ्या. ती निसटतेच तर बहुधा पहिल्या काही महिन्यांत, तीही पाळीत. म्हणून सुरुवातीला प्रत्येक पाळीनंतर हात धुऊन उकिडवं बसावं आणि मधलं बोट आत घालावं. नाकाच्या शेंड्याइतकं टणक लागतं ते गर्भाशयाचं मुख. तिथे दोरा हाताला लागला की झालं, ओढायचा नाही. टणक प्लास्टिक लागलं तर आययूडी खाली सरकली आहे. दोरा सापडलाच नाही तर बहुतेक वेळा तो आत गुंडाळलेला असतो, पण सोनोग्राफी होईपर्यंत कंडोम वापरा. सोनोग्राफीत आययूडी दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे लागतो, कारण क्वचित ती गर्भाशय भेदून पोटात गेलेली असते. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर आधी कडा दाबून हवा सोडा, मग काढा. नाहीतर कपाबरोबर आययूडीही ओढली जाऊ शकते.

ताप, वाढत जाणारी ओटीपोटातली दुखी, दुर्गंधी स्राव: त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दिवस गेल्याचं कळलं तरीही, कारण साधन असताना दिवस गेले तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत असण्याची शक्यता जास्त असते.

साधन हवं तेव्हा काढता येतं. मूल नको असताना आययूडी काढायची असेल तर आधीचे ७ दिवस कंडोम वापरा. त्या दिवसांतल्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो.