अर्धवट फाइली आणि उतावळा नियम

स्कॅन केलेली बिले आणि पावत्या एका फोल्डरमध्ये पडताच नावातील शब्द ओळखून त्या योग्य जागी हलवाव्यात, यासाठी मी लिनक्सवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी, लिहिली होती. दोन दिवस सारे सुरळीत चालले. नंतर काही पीडीएफ उघडेनाशा झाल्या. मी आधी स्कॅनरलाच दोष दिला, पण चूक माझ्या नियमाची होती.

लिनक्सच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, आयनोटिफाय ही फाइलींवर नजर ठेवणारी सुविधा फाइल तयार होताच ‘क्रिएट’ ही सूचना देते, मात्र त्या क्षणी फाइलमध्ये मजकूर उतरलेला असतोच असे नाही. माझी स्क्रिप्ट त्याच सूचनेवर धावत असल्याने, आणि गंतव्य फोल्डर दुसऱ्या डिस्कवर असल्याने, अर्धवट फाइलची प्रत होऊन मूळ फाइल पुसली जात होती. मी ‘क्रिएट’ऐवजी ‘क्लोज राइट’, म्हणजे लेखन संपवून फाइल बंद झाल्याची सूचना, वापरली. क्रोमसारखा ब्राउझर तात्पुरत्या नावाने उतरवलेल्या फाइलचे शेवटी नाव बदलतो, म्हणून ‘मूव्ह्ड टू’, म्हणजे फाइल नव्या नावाने किंवा जागी आल्याची सूचना, हीदेखील जोडली.

फाइल हलवणारी ‘एमव्ही’ ही आज्ञा स्क्रिप्टमध्ये त्याच नावाची जुनी फाइल बिनदिक्कत पुसते, त्यामुळे नावापुढे तारीख व वेळ जोडली. स्क्रिप्ट प्रत्येक फाइलमागे पडद्यावर दाखवत असलेल्या संदेशांकडे मी तिसऱ्या दिवसापासूनच पाहणे सोडले होते. आता एकही नियम लागू न पडल्यासच ‘नोटिफाय-सेंड’ ही संदेश दाखवणारी आज्ञा फाइलचे नाव पडद्यावर दाखवते.