रसायनाची मर्यादा तपासताना: आकडा कुठून आला ते आधी बघा

कामाच्या जागेच्या हवेत टोल्यूइन या द्रावकाची वाफ किती चालेल, यासाठी अमेरिकेतल्या 'ओशा' या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेची कायदेशीर मर्यादा २०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग) आहे. 'एसीजीआयएच' या तज्ज्ञसंस्थेची शिफारस मात्र २० पीपीएम. दोन्ही आकडे आठ तासांच्या सरासरीचे, तरी फरक दहापटीचा. कारण ओशाच्या बहुतेक मर्यादा १९७१ साली स्वीकारल्या गेल्या आणि त्या १९६८ च्या यादीतून आल्या. १९८९ साली त्या सुधारल्या, पण १९९२ मध्ये न्यायालयाने ती सुधारणा रद्द केली. टोल्यूइनचा २० हा आकडा दृष्टिदोष आणि गर्भपाताचा धोका पाहून ठरवलेला आहे. तेव्हा प्रत्येक रसायनापुढे वहीत चार गोष्टी लिहा: आकडा, संस्था, वर्ष आणि कोणता अपाय टाळायचा आहे. चौथा रकाना रिकामा राहिला तर पुढचं गणित आंधळं होतं.

मग मर्यादेचा प्रकार. आठ तासांची सरासरी, पंधरा मिनिटांची मर्यादा, आणि क्षणभरही ओलांडायची नाही अशी कमाल मर्यादा, या तिन्हींची गल्लत सर्रास होते. समजा ड्रम उघडताना १५ मिनिटं ११० पीपीएम टोल्यूइन मिळालं आणि उरलेले पावणेआठ तास ८ पीपीएम. बेरीज २७.५ अधिक ६२, म्हणजे ८९.५, भागिले ८, सरासरी ११.२. कागदावर सगळं ठीक! पण पंधरा मिनिटांची मर्यादा ठरवलेली नसेल तिथे एसीजीआयएचचा नियम असा: सरासरी मर्यादेच्या तिप्पट पातळी एका वेळी १५ मिनिटांपर्यंतच, दिवसात जास्तीत जास्त चारदा, आणि पाचपटीच्या वर कधीच नाही. २० ची पाचपट १००. म्हणून ड्रमचं काम नापास.

पाळी बारा तासांची असेल तर मर्यादाही बदलते. ब्रीफ आणि स्काला या तज्ज्ञांचं सूत्र सोपं आहे: ८ भागिले पाळीचे तास, गुणिले (२४ वजा पाळीचे तास) भागिले १६. बारा तासांना उत्तर ०.५ येतं, म्हणजे २० चे १० पीपीएम. शरीरात साठणाऱ्या अपायांसाठी हे वापरा. निव्वळ डोळे-घसा चुरचुरवणाऱ्या पदार्थांना लावू नका.

द्रावकं मिसळलेली असतील आणि अपाय एकाच अवयवावर होत असेल, तर प्रत्येकाची मोजलेली पातळी त्याच्या मर्यादेने भागा आणि बेरीज करा. टोल्यूइन १२ पीपीएम (०.६) आणि दुसरं द्रावक त्याच्या मर्यादेच्या निम्मं (०.५): एकूण १.१. एकापेक्षा जास्त, म्हणजे मर्यादा ओलांडली, जरी दोन्ही वेगवेगळी पास असली तरी.

पीपीएमवरून मिलीग्रॅम प्रति घनमीटर काढताना रेणुभाराने गुणून २४.४५ ने भागा. हा भाजक २५ अंश सेल्सियसचा. युरोपीय आकडे २० अंशांवर धरलेले असल्याने तिथे २४.०६ लागतो.

आता नमुना. चारकोल नळी (वाफ शोषून धरणाऱ्या कोळशाची, पुढचा-मागचा असे दोन भाग असलेली) कामगाराच्या कॉलरला लावा, नाकातोंडापासून ३० सेंटिमीटरच्या आत. भिंतीवर लावलेल्या यंत्राचा आकडा खोलीचा असतो, माणसाचा नव्हे. नळीतून हवा ओढणाऱ्या पंपाचा प्रवाह आधी आणि नंतर मोजा. ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर नमुना बाद. प्रयोगशाळेला नळीचे दोन्ही भाग वेगळे तपासायला सांगा: मागच्या भागात पुढच्याच्या १० टक्क्यांहून जास्त सापडलं तर वाफ निसटली असण्याची शक्यता आहे, खरी पातळी अहवालापेक्षा जास्त असेल. दमट हवेत हे लवकर घडतं. अहवालात 'आढळले नाही' असेल तर मोजण्याची किमान क्षमता किती होती ते विचारा. ती मर्यादेच्या दहाव्या भागापेक्षा मोठी असेल तर त्या शब्दांना फारसा अर्थ नाही.

मर्यादांच्या यादीत 'त्वचा' अशी खूण असलेल्या, म्हणजे कातडीतूनही शरीरात शिरणाऱ्या पदार्थांत हवेचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. डायमिथाइलफॉर्मामाइड हे द्रावक नायट्राइल रबराच्या हातमोज्यांतून लवकर आत शिरतं. तिथे ब्युटाइल रबर हवं आणि लघवीची तपासणीही.

एकाच नमुन्यावर निकाल देऊ नका. युरोपीय मानक ईएन ६८९ नुसार सारखं काम करणाऱ्या गटातले तीन नमुने प्रत्येकी मर्यादेच्या १० टक्क्यांखाली हवेत. चार असतील तर १५, पाच असतील तर २० टक्क्यांखाली. तसं नसेल तर किमान सहा नमुने घेऊन संख्याशास्त्रीय कसोटी लावा. एकही मर्यादेच्या वर गेला तर आणखी नमुने घेत बसू नका, आधी वायुवीजन दुरुस्त करा आणि मग पुन्हा मोजा.