टेक्सासच्या रस्त्यांवर अस्सल बार्बेक्यू बीफ कसं शोधावं

टेक्सासमध्ये गाडीनं फिरायला निघालेल्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात: फोनवर 'बार्बेक्यू' टाका, साडेचार तारे दिसले की थांबा. हा सल्ला ऐकणारे हायवेला लागून असलेल्या दुकानात गोड सॉसमध्ये बुडवलेलं कोमट मांस खातात आणि 'एवढं काय कौतुक या बीफचं' म्हणत पुढे जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण पुष्कळदा खरी गोष्ट तिथून वीस-पंचवीस मैलांवर असते. मी ऑस्टिनला राहते. पुण्या-मुंबईहून, गोव्याहून आलेल्या बीफ खाणाऱ्या पाहुण्यांना घेऊन या रस्त्यांवर पुष्कळ हिंडले आहे, आणि तारे मोजण्यापेक्षा दुकानामागचं लाकूड बघणं कितीतरी जास्त उपयोगाचं आहे, या मतावर ठाम आहे.

गाडी, हॉटेल, नकाशे तुमचं तुम्ही बघालच. थेट कामाचं सांगते.

आधी भाग ठरवा, मग दुकान

टेक्सास महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे. लाकूड बदलतं तशी इथली पद्धत बदलते. त्यामुळे 'टेक्सासमधलं सर्वोत्तम' असं काही शोधू नका. ज्या भागातून जाणार आहात त्या भागाचं काय, ते विचारा.

ऑस्टिनच्या आजूबाजूचा मध्य टेक्सास म्हणजे पोस्ट ओकचं (ओकच्या एका जातीचं) लाकूड, मीठ, जाडसर काळी मिरी आणि मंद आच. जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांतून ही पद्धत आली. न विकलं गेलेलं मांस ते धुरावर ठेवत आणि कागदात बांधून देत. आजही बऱ्याच दुकानांत ट्रेवर कागद अंथरून त्यावरच मांस वाढतात. लॉकहार्टचं क्राइट्स मार्केट १९०० सालचं आहे (पाटीवर Kreuz असं जर्मन स्पेलिंग आहे, गोंधळू नका), त्याच गावातलं ब्लॅक्स १९३२ चं, टेलरचं लुई म्युलर १९४९ चं. लॉकहार्टला बार्बेक्यूची राजधानी म्हणणारा ठराव १९९९ साली टेक्सासच्या विधिमंडळात झाला. क्राइट्समध्ये कित्येक दशकं सॉस दिलाच जात नव्हता. मध्य टेक्सासात सॉस बाजूला, वाटीत, हवा तर घ्या, असाच असतो.

ऑस्टिनच्या वायव्येला लॅनोकडे गेलात की मेस्कीट या काटेरी झाडाच्या लाकडाचं राज्य. तिथल्या कूपर्समध्ये मेस्कीट वेगळ्या भट्टीत जाळून त्याचे निखारे फावड्यानं मांसाखाली टाकतात. तुम्ही बाहेरच पिटाशी, म्हणजे मांस शिजवायच्या भट्टीशी, उभं राहून आपला तुकडा निवडायचा. हा धूर उग्र असतो, आच थेट लागते. पूर्वेकडे हिकरीचं लाकूड, मांस अगदी मऊ होईपर्यंत ठेवलेलं, पुष्कळदा बारीक चिरून सॉस घालून पावात दिलेलं. अगदी दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेवर, बारबकोआ: गाईचं डोकं रात्रभर शिजवून त्याचं गालाचं आणि जिभेचं मांस टॉर्टियात, म्हणजे पोळीसारख्या मेक्सिकन भाकरीत. ब्राउन्सव्हिलच्या व्हेराज बॅकयार्डमध्ये ते अजून जमिनीतल्या खड्ड्यात, मेस्कीटच्या निखाऱ्यांवर होतं, आणि तेही फक्त शनिवार-रविवारी मिळतं.

हे आधी माहीत असण्याचा फायदा असा की, लॉकहार्टला कुणी चिरलेलं, सॉसमध्ये कालवलेलं बीफ पुढे केलं तर ते आल्या रस्त्यानं परत द्यावं. पूर्वेच्या ब्युमाँटकडे तेच मागून खावं. पहिल्यांदाच येत असाल तर मध्य टेक्सासच धरा. डॅलसहून आय-३५ हायवेनं येताना राउंड रॉकला यूएस ७९ वर वळलं की टेलर. ऑस्टिनहून दक्षिणेला यूएस १८३ वर लॉकहार्ट आणि त्याच रस्त्यावर पुढे लुलिंग. दिवसाला दोनच दुकानं करा. तिसऱ्या दुकानात जीभ काही सांगायच्या स्थितीत नसते.

वार आणि वेळ

सकाळी साडेदहाला दारात. मोठ्या नावाचं दुकान असेल तर त्याहून आधी.

याचं कारण समजून घ्या. ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा, पुढच्या पायांमधला भाग. हा स्नायू जन्मभर वजन पेलतो, म्हणून तो अतिशय चिवट. त्यातलं कोलॅजन हे चिवट प्रथिन विरघळून जिलेटिन व्हायला १२ तास, कधी १६ तास लागतात. पाच-सहा किलोचा कच्चा तुकडा शिजून जवळजवळ निम्मा होतो. काल संध्याकाळी जेवढं पिटावर चढलं, तेवढंच आज आहे. संपलं की संपलं. चार वाजता जाऊन 'शिल्लक नाही' ऐकण्यात दुकानाचा काही दोष नाही. उलट रात्री नऊला ढीगभर ब्रिस्केट मिळत असेल तर ते कधीचं आहे, हा प्रश्न विचारा.

सोमवार-मंगळवारी खूप दुकानं बंद असतात. लेक्सिंग्टनचं स्नोज फक्त शनिवारी उघडतं, तेही सकाळी आठला. नकाशावरच्या वेळांवर विसंबू नका. आदल्या रात्री दुकानाचं स्वतःचं इन्स्टाग्राम किंवा वेबसाइट बघा. याद्यांपैकी 'टेक्सास मंथली' मासिकाची पन्नास दुकानांची यादी मला भरवशाची वाटते. ती साधारण चार वर्षांनी निघते. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडनं २०२४ साली टेक्सासमध्ये येऊन काही बार्बेक्यू दुकानांना तारे दिले, तेही ठीक. पण यादीत नसलेली उत्तम दुकानं गावोगाव आहेत, आणि ती ओळखायची तर पुढचा भाग नीट वाचा.

दुकानाशी पोचल्यावर

सगळ्यात अवघड टप्पा हा. मला तो जमायला बराच काळ लागला, कारण सगळे जण भलत्याच खुणा सांगतात. गंजलेली पाटी, भिंतीवर शिंगं, लाकडी बाकं: हे सगळं विकत मिळतं. लांब रांगेवरूनही काही सिद्ध होत नाही. गेल्या आठवड्यात कुणी व्हिडिओ टाकला असेल तरी रांग लागते.

गाडी लावली की आत जाऊ नका. आधी इमारतीच्या मागच्या बाजूला जेवढं मोकळेपणानं जाता येईल तेवढं जा आणि लाकूड बघा. रोज जळणाऱ्या लाकडाचा ढीग अस्ताव्यस्त असतो, एका बाजूनं उपसलेला, खाली सालपटं आणि भुसा पडलेला. ओंडक्यांची तोंडं राखाडी, तडकलेली असतील तर लाकूड व्यवस्थित वाळलं आहे. दरवाज्याशेजारी सुबक रचलेली, कोळ्यांनी जाळी विणलेली चळत ही शोभेची. काही दुकानं स्टीलच्या गॅस-भट्टीवर मांस शिजवतात आणि वासापुरता एखादा ओंडका टाकतात. ते खाण्यालायक असू शकतं. मात्र ज्याच्यासाठी तुम्ही एवढ्या लांब आलात ते हे नव्हे. दिवसाला हजारेक माणसं जेवतात आणि मागे लाकूड मात्र गाडीच्या डिकीत मावेल एवढंच, तर हिशेब जुळत नाही.

मग धुराड्याकडे बघा. चांगल्या विस्तवाचा धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा असतो. दाट पांढरा लोट निघत असेल तर लाकूड जळत नाहीये, नुसतं घुसमटतंय. त्यानं मांसाला कडवट, जिभेला बधिर करणारी चव येते. नुकतंच लाकूड टाकलं असेल तर थोडा वेळ पांढरा धूर येतो, तेवढ्यावरून निकाल देऊ नका. पाच मिनिटं थांबून पुन्हा बघा. आणि कुणी विस्तवाशी काम करताना दिसलं तर नमस्कार करून विचारा, कोणतं लाकूड, रात्री कोण जागतं. ज्यांचं काम खरं आहे ती माणसं याचं उत्तर आनंदानं देतात, बरेचदा पिटाचं झाकण उघडून दाखवतात. लुई म्युलरच्या भिंती धुरानं काळवंडल्यात त्या बघितल्यात की एका पिटाशी दशकानुदशकं काम करणं म्हणजे काय ते कळतं. स्नोजच्या टूट्सी टोमानेट्झ नव्वदीला टेकल्या तरी शनिवारी पिटाशी उभ्या असायच्या. या कामाबद्दल मला जो आदर आहे तो अशा माणसांमुळे आहे.

आता काउंटर. इथे दोन चुकीच्या समजुती आधी दूर करा. कापलेल्या मांसाच्या कडेची गुलाबी पट्टी म्हणजे अस्सलपणाचा पुरावा, असं सर्रास सांगतात. ती पट्टी जळत्या लाकडातून येणारा नायट्रिक ऑक्साइड आणि मांसातलं मायोग्लोबिन हे लाल रंगाचं प्रथिन यांच्या संयोगानं तयार होते, आणि मांस टिकवायचं नायट्राइटयुक्त मीठ चोळूनही तशीच आणता येते. गुलाबी म्हणजे कच्चं असंही नाही, मुलांना बिनधास्त द्या. दुसरी समजूत: काउंटरमागे गरम ठेवायचं स्टीलचं कपाट दिसलं म्हणजे फसवणूक. मुळीच नाही. पिटावरून उतरवलेलं ब्रिस्केट ६०-६५ अंश सेल्सियसला काही तास मुरू दिलं की रस मांसात थांबतो. नावाजलेले पिटमास्टरही हेच करतात. प्रश्न एवढाच की ते शिजलं कुठे, आणि त्याचं उत्तर तुम्हाला मागच्या अंगणात मिळालेलं आहे.

खरी परीक्षा सुरीची. ब्रिस्केट तुमच्या समोर, तुमच्यासाठी कापलं गेलं पाहिजे. आधीच कापून ट्रेमध्ये वाफेवर ठेवलेल्या चकत्या दिसल्या तर सरळ निघा, कितीही लांबून आला असाल तरी. कापलेलं ब्रिस्केट काही मिनिटांत कोरडं पडायला लागतं, त्यावर उपाय नाही. कापणारा मांसाच्या धाग्यांना आडवा कापतो का ते बघा. ब्रिस्केटचे दोन भाग असतात, एक सपाट, कमी चरबीचा. दुसरा जाड, चरबीचा. या दोन्हींत धागे वेगवेगळ्या दिशेला धावतात, म्हणून चांगला कापणारा मध्येच तुकडा फिरवतो. न फिरवता सरसकट कापत गेला तर निम्म्या चकत्या चिवट लागणार.

पहिली चकती हातात घ्या. पेन्सिलीएवढी जाड असावी. टोकाला धरली तर वाकावी पण तुटू नये, आणि दोन्हीकडून हलकेच ओढली की सुटावी. रबरासारखी ताणली गेली तर कच्चट उतरवलं आहे. उचलतानाच भुगा झाला तर जास्त झालं. चरबी पारदर्शक, तोंडात विरघळणारी हवी, पांढरी आणि चघळावी लागणारी नको. वरची काळी साल मिरीची आणि खरपूस, कडू नाही. हे चारही जमलं असेल तर दुकानाला एकही तारा नसला तरी तुम्ही योग्य जागी आहात.

काय मागावं

माणशी अर्धा पाउंड, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, त्यात सॉसेजही धरा. 'लीन की मॉइस्ट?' असं विचारतील. मॉइस्ट सांगा, म्हणजे चरबीचा भाग. सगळे लीन मागतात आणि मग कोरडं लागल्याची तक्रार करतात. नावाजलेल्या दुकानांत पाउंडाला तीस डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. अर्धं वजन धुरात जातं आणि रात्रभर माणूस जागतो, हे लक्षात घेतलं तर तो भाव मला रास्त वाटतो. टेलरला गेलात तर बीफ रिब, म्हणजे बरगडी, घ्या. एक रिब दोघांना पुरते. पहिले चार घास सॉसशिवाय खा. सोबत पांढरा पाव, कच्चा कांदा, लोणच्याची काकडी असते, ती टाळू नका. एवढ्या चरबीला कांद्याचा आणि आंबटाचा तोडच लागतो.

गाडीत बीफ न खाणारं कुणी असेल तर आधीच बोलून ठेवा, दुकानात पोचल्यावर नाही. टर्की ब्रेस्ट बहुतेक ठिकाणी मिळतो, पण तो बहुधा त्याच पिटात शिजतो आणि त्याच पाटावर, त्याच सुरीनं कापला जातो. ज्यांना हे चालत नाही त्यांना आग्रह करू नका. पिंटो बीन्समध्ये ब्रिस्केटचे किंवा बेकनचे तुकडे असणं सर्रास आहे, त्या शाकाहारी समजू नका. बीफ सॉसेजमध्ये डुकराचं मांस मिसळलेलं असू शकतं, तेही विचारा. अशांसाठी सकाळीच डबा भरून घेणं सगळ्यात सोपं.

उरलं तर

उरणार असं वाटलं तर शेवटचा पाउंड न कापता मागा आणि कागदातच राहू द्या. उन्हाळ्यात टेक्सासची बंद गाडी म्हणजे भट्टी असते. तासाभराच्या आत बर्फाच्या पेटीत ठेवा. हॉटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये ते वाया जातं. घरी किंवा एअरबीएनबीत ओव्हन असेल तर फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, चमचाभर पाणी शिंपडून १२० अंश सेल्सियसवर (म्हणजे २५० फॅरनहाइटवर) गरम होईपर्यंत ठेवा आणि खायच्या वेळीच कापा. ओव्हन नसेल तर गारच, पातळ कापून, कांदा आणि पावाबरोबर खा.