स्वतःला गुण देताना ग्रंथालय सेवक कुठे चुकतात?

मागे एका प्रशिक्षणात आम्हाला स्वमूल्यमापनाचा तक्ता दिला होता. 'तालिकेत (म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीत) शोध घेणे' या ओळीपुढे मी पाचपैकी चार गुण बिनदिक्कत लिहून टाकले. पुढच्याच आठवड्यात बी.ए.ची एक मुलगी गडकऱ्यांच्या कविता मागायला आली. संगणकावर 'गडकरी, राम गणेश' टाकलं, नाटकं तेवढी आली. "कविता नाहीत गं आपल्याकडे," म्हणून मी तिला वाटेला लावलं. संध्याकाळी कपाट आवरताना संग्रह हाताला लागला. नोंद 'गोविंदाग्रज' नावाने होती. ते चार गुण तिथेच गळाले.

गडकऱ्यांनी कविता 'गोविंदाग्रज' म्हणून लिहिल्या आणि विनोदी लेख 'बाळकराम' म्हणून, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि काउंटरवर पाच माणसं उभी असताना ते आठवणं यात बरंच अंतर आहे. तक्ता भरताना आपण ठाऊक असण्याला गुण देतो, ही पहिली चूक. त्यावर उपाय म्हणजे स्वतःची परीक्षा प्रत्यक्ष कामावर घ्यायची. सहकाऱ्याला दहा मागण्या चिठ्ठ्यांवर लिहायला सांगा. त्यात दोन टोपणनावं असू द्या, एखादं अर्धवट शीर्षक, एखादं 'ते निळ्या कव्हरचं'सुद्धा. मग घड्याळ लावून शोधा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा, आपण सगळे भाषणात म्हणतो. आपल्याला एक पुस्तक काढून द्यायला किती मिनिटं लागतात हे मात्र फारच थोड्यांनी मोजलेलं असतं.

दुसरी चूक तपासणीच्या भीतीतून येते. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असली की अ, ब, क, ड वर्ग आला, अनुदान आलं, तपासणी आली. त्यामुळे दाखल नोंदवही, देवघेव, जमाखर्च चोख ठेवायला आपण शिकतो, आणि शेरा आला नाही की काम उत्तम चाललंय असं धरून चालतो. दप्तर नीट हवंच, त्यात वाद नाही. पण तपासणी होते ती ग्रंथालयाची. तुम्हाला काय येतं हे त्या शेऱ्यात कुठे लिहिलेलं नसतं.

प्रमाणपत्रांबद्दल फार बोलत नाही. कार्यशाळेहून आल्यावर पंधरा दिवसांत शिकलेली एक गोष्ट आपल्या संगणकावर किंवा आपल्या कपाटात करून पाहिली नसेल, तर ती शिकलो असं मोजू नये.

आता जिथे सगळ्यात जास्त लोक अडकतात तिथे येऊ. 'सॉफ्टवेअर येतं' या शब्दांवर विश्वास ठेवू नका, स्वतःच्याही. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर ई-ग्रंथालय असो वा कोहा, पुस्तकाची नोंद भरता येणं हे निम्मंच काम. भरलेली नोंद सापडत का नाही, हे शोधता येतं का? मराठीत यामागे तीन कारणं वारंवार आढळतात.

जुन्या याद्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरांची खिचडी असते. मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी असलेले शब्द आधी तपासा, बिघाड तिथेच जास्त होतो. दुसरं कारण फसवं आहे. 'किनाऱ्यावर'मधला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. शोध रिकामा आला तर 'किना' एवढंच टाकून बघा. तिसरं कारण आपणच. 'देशपांडे, पु. ल.', 'देशपांडे, पु.ल.' आणि 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण' अशा तीन नोंदी तीन जणांनी केलेल्या असतात. एक रूप ठरवून बाकीच्यांवरून तिकडे 'पाहा' नोंद द्यायची. वर्गीकरणाचंही असंच. ड्यूईची दशांश पद्धत वापरत असाल तर दहा पुस्तकांवरचे वर्गांक (विषयाचे आकडे) झाकून पुन्हा लावून बघा. मराठी व्याकरण ४९१.४६, म्हणजे भाषा, सोडून ८९१.४६ मध्ये, म्हणजे साहित्यात, गेलेलं निघालं तर नवल नाही.

माझ्या मते सर्वांत उपयोगी साधन म्हणजे 'नाही'ची वही. शंभर पानी पुरते. वाचकाला ज्या ज्या वेळी 'नाही' म्हणालात त्या वेळी तारीख, मागणी आणि कारण लिहायचं. कारणं तीनच: पुस्तकच नाही, आहे पण जागेवर सापडलं नाही, आहे पण मला माहीत नव्हतं. पहिलं खरेदीच्या यादीत जातं, दुसरं ग्रंथपडताळणीत. तिसऱ्यातून पुढच्या तीन महिन्यांत काय शिकायचं ते कळतं. एका वेळी एकच विषय घ्या. पाच घेतले की पाचही राहतात.

वही महिनाभर कोरीच राहिली तर खूश होऊ नका. लोक विचारेनासे झाले असतील. अशा वेळी काउंटर तासभर दुसऱ्याकडे द्यायचा आणि कपाटांपाशी उभं राहून रिकाम्या हाताने कोण परततंय ते बघायचं. मी हे केलं त्या पहिल्याच दुपारी एक आजोबा तीन कपाटं फिरले आणि कुणाला काही न विचारता चपला घालू लागले. दाराशी गाठून विचारलं, "काका, काय शोधत होता?" सातबारा कसा वाचायचा, त्याचं काही पुस्तक आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. होतं की आमच्याकडे. 'संकीर्ण'च्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, पाककृतींच्या मागे.